मुलींना शिकता येत नाही, हा समज मोडला. सावित्रीबाईंच्या घडणीचा एक धागा आपल्या नगरमध्ये

दरवर्षी ३ जानेवारी आली की जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळांमध्ये टेबलावर चादर अंथरली जाते. त्यावर सावित्रीबाई फुले यांचा फोटो, फोटोला हार. दोन-तीन मुली नऊवारी नेसून भाषण करतात, गुरुजी दोन शब्द बोलतात, बिस्किटं वाटली जातात आणि कार्यक्रम संपतो. भिडेवाडा, शेण, दगड एवढं पोरांना पाठ असतं.

पण सावित्रीबाई नेमक्या कशाशी लढल्या, हे मात्र मागे राहून जाते. दगड मारणारे लोक मोजके होते. त्यांच्या मागे एक मोठी गोष्ट उभी होती, ती म्हणजे समज. पोरीच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, अमक्या जातीच्या पोराला विद्या पेलत नाही, कुणब्या-माळ्याच्या पोराने शिकून काय दिवे लावायचेत, असा समज गावागावांत आणि घराघरांत होता. असा समज शाळेत शिरला की शिकवायच्या आधीच पोराचा निकाल लागलेला असतो. सावित्रीबाईंनी वादविवाद करण्यापेक्षा वर्गात शिकवून दाखवले आणि हा समज खोटा पाडला. त्या कामाचा एक धागा आपल्या नगर शहरापर्यंत येतो, हे जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे.

नायगावची पाटलाची लेक

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगावला झाला. हे गाव आज खंडाळा तालुक्यात येते. वडील खंडोजी नेवसे गावचे पाटील. घर खाऊन-पिऊन सुखी होते, पण पोरीला शाळा हा विषयच नव्हता. बाईने अक्षर ओळखले की तिच्या नवऱ्याच्या ताटातल्या अन्नाच्या अळ्या होतात, ती विधवा होते, असे लोक खरेच मानत होते. ज्या घरात असे मानतात, तिथे पोरगी हुशार आहे का, हे तपासायला कोण जाणार?

१८४० साली नऊ वर्षांच्या सावित्रीचे लग्न पुण्याच्या जोतीराव फुले यांच्याशी झाले. जोतीराव तेव्हा तेरा वर्षांचे होते. फुले घराणे माळी समाजाचे. वडील गोविंदराव शेती आणि फुलांचा धंदा बघायचे. जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच वारली. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना सांभाळून मोठे केले.

समज पोराचे किती नुकसान करतो, याचा अनुभव याच घराने घेतला होता. जोतीराव लहानपणी शाळेत चांगले चालले होते. पण गोविंदरावांकडे कामाला असलेल्या एका कारकुनाने त्यांचे कान भरले. पोरगं शिकलं तर शेतीच्या कामातून जाईल, माळ्याच्या पोराला विद्येचा काय उपयोग, असे त्याने सांगितले. बापालाही ते खरे वाटले. पोराला शाळेतून काढून मळ्यात लावले. पोरगं नापास झालं नव्हतं, मास्तरचीही तक्रार नव्हती. दुसऱ्याच्या डोक्यातल्या समजापायी त्याची शाळा सुटली.

मळ्यातले काम आटोपले की हा मुलगा दिव्याच्या उजेडात पुस्तक वाचत बसायचा. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे साहेब यांच्या हे लक्षात आले. दोघांनी गोविंदरावांना समजावले आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा शाळेत गेले, पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या. शेजारचे दोन माणसे मध्ये पडले नसते, तर महात्मा फुले हे नाव आज कोणाला माहीत झाले असते का, हा प्रश्नच आहे.

मळ्यात भरलेली शाळा

ज्या माणसाची शाळा अशी तुटली होती, त्याने घरातल्या दोन बायकांना शिकवायला घेतले. एक सावित्री आणि दुसऱ्या सगुणाबाई. दिवसभराची कामे उरकायची आणि मग अक्षरे गिरवायची. ना घंटा, ना बाक.

सावित्रीबाई शिकायला लागल्या तेव्हा त्या लग्न झालेल्या होत्या. आजही वय झालं, आता काय शिकणार, असे आपण सहज म्हणतो. सावित्रीबाई मात्र एकदा शिकायला बसल्या आणि थांबल्या नाहीत. पुढे त्या कविता करायला लागल्या. १८५४ मध्ये त्यांचा काव्यफुले हा संग्रह छापून आला, तेव्हा त्यांचे वय तेवीस होते. लग्नात ज्या पोरीला सही करता आली नसती, तिचे पुस्तक चौदा वर्षांत छापून आले.

नगरची वाट

आता नगरचा धागा. अमेरिकेतून आलेल्या सिंथिया फरार या बाई १८२७ मध्ये मुंबईत उतरल्या होत्या. लग्न न करता एकट्या परदेशात मिशनच्या कामाला आलेल्या अमेरिकेच्या पहिल्या बायकांपैकी त्या एक. आधी त्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. १८३९ मध्ये त्या नगरला आल्या आणि १८६२ मध्ये इथेच वारल्या. म्हणजे आयुष्याची वीसहून जास्त वर्षे या बाईंनी नगरमध्ये मुलींना शिकवण्यात घालवली. त्यांच्या मिशनचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ज्या काळात मुलीच्या हातात पाटी देणे पाप होते, त्या काळात नगरच्या शाळेत मुली लिहित-वाचत होत्या, हेही तितकेच खरे.

जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे हे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्याबरोबर जोतीराव नगरला आले आणि त्यांनी फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. या भेटीचा त्यांच्यावर मोठा परिणाम झाला. मुलींना शिकता येते का, यावर पुण्यात नुसत्या चर्चा चालायच्या. नगरमध्ये त्या मुली समोर बसून वाचून दाखवत होत्या. डोळ्यांनी पाहिल्यावर वाद कशाला घालायचा?

सावित्रीबाईंनीही शिक्षिकेचे प्रशिक्षण नगरला फरारबाईंकडे घेतले. पुण्यात मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कूलमध्येही त्या शिकल्या. नगर-पुणे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हा रेल्वे नव्हती, एसटीचा तर प्रश्नच नाही. वीस वर्षांच्या आतबाहेरची एक सून शिकवायचे शिकण्यासाठी एवढ्या लांब येते, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

यात एक शहाणपणही होते. स्वतःला वाचता आले म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते असे नाही. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कोणी पाटी पाहिली नाही, त्या पोराला अक्षर कसे ओळखवायचे, ते अडले तर काय करायचे, हे शिकावे लागते. त्यामुळे पोर अडले की दोष पोराच्या जातीत किंवा बाईपणात न शोधता शिकवण्याच्या पद्धतीत शोधायची सवय लागते. आपल्या जिल्ह्याने सावित्रीबाईंना काही दिले असेल, तर ते हेच.

या मातीला शिकलेली बाई तशी नवी नव्हती. जिल्ह्याला आज ज्यांचे नाव आहे, त्या अहिल्यादेवी होळकर यांचा जन्म १७२५ चा, जामखेड तालुक्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे यांनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवले होते. पुढे या लेकीने राज्य चालवून दाखवले. पण लोक अशा उदाहरणाला अपवाद म्हणून बाजूला ठेवतात. ती देवी होती, आपल्या पोरीचं तसं कुठं, असे म्हटले की समज जसाच्या तसा राहतो. सावित्रीबाईंनी साध्या घरातल्या साध्या पोरी घेतल्या, त्यामुळे अपवाद म्हणायला जागा उरली नाही.

भिडेवाड्यातली शाळा

१८४८ मध्ये पुण्यात बुधवार पेठेतल्या तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई तिथे शिकवायला लागल्या, तेव्हा त्यांनी वयाची विशीही गाठली नव्हती. सुरुवातीला मुली मोजक्याच होत्या. त्यात ब्राह्मण, मराठा, धनगर अशा वेगवेगळ्या घरांतल्या मुली होत्या. वाडा देणारे भिडे ब्राह्मण, नगरला शाळा दाखवणारे गोवंडे ब्राह्मण आणि विरोध करणाऱ्यांतही ब्राह्मण पुढे. माळी समाजातले स्वतःचे लोकही विरोधात होते. म्हणून या गोष्टीत एकच जात चांगली आणि एकच वाईट असे सरळ गणित बसत नाही. समज कोणत्याही घरात असतो, आणि तो सोडणारी माणसेही कोणत्याही घरात निघतात.

शाळेत जाताना रस्त्यात सावित्रीबाईंच्या अंगावर चिखल, शेण, खडे फेकले जायचे. त्यांच्या शाळेत राबलेल्या माणसांच्या आठवणींतून हे पुढे आले. जादाचे लुगडे त्या बरोबर ठेवायच्या, शाळेत पोचल्यावर बदलायच्या आणि शिकवायला उभ्या राहायच्या. घरी जाताना पुन्हा तेच.

लोकांनी गोविंदरावांवर दबाव आणला. शाळा बंद करा नाहीतर घर सोडा, असे सासऱ्याला सांगावे लागले आणि १८४९ मध्ये नवरा-बायकोने घर सोडले. याच काळात त्यांना फातिमा शेख यांची साथ मिळाली. १८५६ मध्ये सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या, तेव्हा आपल्या मागे सगळा भार फातिमावर पडला असेल, याची काळजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात केली आहे.

वर्गात काय वेगळे होते

१८५१ मध्ये बुधवार पेठेत चिपळूणकर वाड्यात आणि रास्ता पेठेत मुलींच्या शाळा निघाल्या. १८५२ मध्ये वेताळ पेठेत आणखी एक. महार-मांग मुलांसाठी वेगळ्या शाळा काढल्या, कारण दुसऱ्या शाळांची दारे त्यांना बंद होती. या शाळांची परीक्षा चारचौघांसमोर व्हायची. लोक बघायला यायचे. १८५२ मध्ये पूना ऑब्झर्व्हर या इंग्रजी वर्तमानपत्राने लिहिले की जोतीरावांच्या शाळांत मुलींची संख्या सरकारी शाळांतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि इथली शिकवण्याची पद्धतही सरकारी शाळांपेक्षा सरस आहे. ज्यांना अक्षर येत नाही म्हणून हिणवले, त्या पोरी चार वर्षांत मुलांच्या पुढे गेल्या.

पोरींची डोकी काही चार वर्षांत बदलली नव्हती. आधीही ती तशीच होती. बदलला तो समोर उभा असलेला शिक्षक. या पोरीला येणार, असे धरून शिकवणारे माणूस त्यांना पहिल्यांदा भेटले.

याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण म्हणजे मुक्ता साळवे. मांग समाजातली ही मुलगी फुल्यांच्या शाळेत तीन वर्षे शिकली. चौदाव्या वर्षी तिने महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. १८५५ मध्ये तो ज्ञानोदय नियतकालिकात दोन भागांत छापून आला. आपल्याला धर्मग्रंथ वाचायचीही परवानगी नसेल तर आमचा धर्म कोणता, असा थेट सवाल तिने त्यात केला. वाड्या बांधताना आपल्या लोकांना पायात गाडले जायचे, बाळंतीण बाईच्या डोक्यावर छप्पर नसायचे, हेही लिहिले. ज्ञानोदयचा संबंधही नगरशी आहे. १८४२ मध्ये ते नगरमधूनच सुरू झाले होते, पुढे मुंबईला गेले.

मुक्ताच्या निबंधानंतर एकच वर्षाने, १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्याला घेतले तर बाकीची पोरे शाळा सोडतील, असे कारण सरकारदरबारी मान्य झाले. म्हणजे एकीकडे तीन वर्षे शिकलेली पोर समाजाला जाब विचारत होती आणि दुसरीकडे तसेच एक पोर दारातूनच परत पाठवले जात होते. दोघांच्या हुशारीत फरक होता असे कोणी सांगू शकत नाही. फरक एवढाच की एकाला वर्गात बसू दिले आणि दुसऱ्याला नाही.

घरच्या माणसाशी वाद

परक्या माणसाचा समज सहन करता येतो. घरच्याचा जास्त लागतो. १८५६ मध्ये सावित्रीबाई नायगावला होत्या तेव्हा सख्ख्या भावानेच त्यांना टोकले. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हाला वाळीत टाकले ते बरोबरच आहे, जातीची रीत सोडू नये, असे त्याचे म्हणणे. हा सगळा प्रसंग सावित्रीबाईंनी ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात जोतीरावांना कळवला आहे.

त्यांनी भावाला दिलेले उत्तर शेतकऱ्याला लगेच कळेल असे आहे. तू गाय-शेळी जवळ घेतोस, नागपंचमीला विषारी सापाला दूध पाजतोस, मग माणसाचाच विटाळ कसा होतो, असे त्यांनी विचारले. आणि सोवळ्यात असलेला ब्राह्मण तुलाही शिवून घेत नाही, तुलाही महारासारखेच दूर ठेवतो, हे तुला दिसत नाही का, असेही सुनावले. भाऊ खजील झाला. आईला लेकीचे म्हणणे पटले.

भावाची खरी अडचण या उत्तरात उघडी पडते. जो समज त्याच्यावर वरून लादला गेला होता, तोच तो खालच्यावर ढकलत होता. शाळेतही असेच होते. ज्या पोराला वरच्या आळीचे हिणवतात, ते पोर खालच्या आळीच्या पोराला हिणवते. ज्या घरात बाईला अडाणी म्हणतात, त्या घरातली बाई लेकीला म्हणते की तुला काय जमणार.

गुरुजी कोण असावा

पुढची वर्षे कामाची आणि धावपळीची गेली. १८५५ मध्ये शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा निघाली, कारण दिवसा राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा परवडत नाही. फसवल्या गेलेल्या विधवांसाठी घरात बाळंतपणाची सोय केली. अशाच एका विधवेचा मुलगा, यशवंत, पुढे दत्तक घेतला. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला तेव्हा सावित्रीबाई जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला होत्या. आपल्याकडून कल्याणला जाताना आळेफाट्याच्या पुढे लागते तेच ओतूर. पाण्यावाचून तडफडणारी जनावरे, गाव सोडून जाणारी माणसे आणि सावकारांचा जाच, हे सगळे त्यांनी एप्रिल १८७७ च्या पत्रात लिहून ठेवले आहे. त्या दुष्काळाने नगर जिल्हाही होरपळला होता.

१८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणाची चौकशी करायला हंटर आयोग नेमला. जोतीरावांनी आयोगापुढे निवेदन दिले. त्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी होती. आणखी एक मुद्दा वर्गातल्या भेदभावाचे मूळ सांगणारा होता. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते या पोरांत मोकळेपणाने मिसळतील, त्यांच्या गरजा त्यांना कळतील, असे त्यांनी मांडले. जो गुरुजी पोराच्या जवळ बसायला कचरतो, त्याच्या हातून पोर कसे शिकणार? शाळेत शेतीचे आणि आरोग्याचे साधे ज्ञानही द्यावे, असेही त्यांनी मागितले. या निवेदनावर सही जोतीरावांची असली तरी त्यामागे दोघांनी चालवलेल्या शाळा होत्या, आणि त्या शाळांत सावित्रीबाई उभ्या राहिल्या होत्या.

शेवटपर्यंत कामात

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांत वाद उभा राहिला. सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे स्वतः हातात घेऊन चालल्या. बाईने स्मशानात जायचे नाही, हा समजही त्यांनी असाच चालत मोडला. १८९३ मध्ये सासवडला झालेल्या सत्यशोधक परिषदेच्या अध्यक्षपदी त्या होत्या.

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ आली. डॉक्टर झालेल्या यशवंतने हडपसरजवळ सासणे मळ्यात दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या पोराला प्लेग झाल्याचे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई त्याला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला. ज्या पोरांना शिवायला लोक तयार नव्हते, तसे एक पोर अंगावर घेऊन आणताना त्या गेल्या.

आजच्या वर्गात काय दिसते

आज पोरीला शाळेत घालायला कोणी अडवत नाही. उलट अनेक गावांत दहावीला पहिला नंबर पोरीचाच असतो. तरी समज गेलेला नाही, त्याने फक्त जागा बदलली. पूर्वी तो शाळेच्या दारात उभा असायचा, आता वर्गात मागच्या बाकावर बसलेला आहे.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बापाबरोबर पोरेही जातात आणि परत येईपर्यंत शाळेचे वर्ष संपत आलेले असते. या पोरांना जाणारच आहेत म्हणून मनावर घ्यायचे नाही, असे कुठे कुठे होते. अकोले तालुक्यातल्या ठाकर, महादेव कोळी वाड्यांवरची पोरे घरच्या बोलीत बोलतात. पुस्तकी मराठी चटकन येत नाही, की त्यांना मठ्ठ ठरवले जाते. पारधी, भिल्ल समाजाच्या पोराकडे शाळेत काही हरवले की आधी बघितले जाते. पोरीला गणित नको, आर्ट्सला घाला, लग्नच करायचंय, असे घरात ठरते. पोरग्यालाही हा मार बसतो. याला शेतीच करायची आहे, असे दहा वेळा ऐकले की तोही पुस्तक मिटतो.

मनातली अपेक्षा वर्गात काय करते, यावर १९६० च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत प्रयोग झाला. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन या अभ्यासकांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा मोठी झेप घेणार असे सांगितले. खरे तर ती नावे चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही निवडली होती. वर्षअखेरीला पहिली-दुसरीतल्या त्या मुलांची बुद्धिचाचणीतली वाढ बाकीच्यांपेक्षा जास्त निघाली. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा दिसला नाही. तरी शिक्षकाची अपेक्षा पोरापर्यंत पोचते, हे त्यातून पुढे आले.

ती पोचते कशी, हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. प्रश्न कोणाला विचारला जातो? उत्तर चुकले तर कोणाला पुन्हा संधी मिळते आणि कोणाला लगेच खाली बसवले जाते? पुढच्या बाकावर कोण आणि दाराजवळ कोण? वर्ग झाडायला, पाणी आणायला रोज त्याच पोरी का उठतात? वही कोणाची नीट तपासली जाते? पोर हे सगळे रोज पाहते आणि आपली किंमत स्वतःच ठरवून टाकते. मग सहावी-सातवीत ते हात वर करायचे सोडते, आणि आपण म्हणतो की बघा, याला येतच नव्हतं.

चांगले गुरुजी-बाईही जिल्ह्यात कमी नाहीत. स्थलांतराच्या काळात पोरांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय सरकारने केलेली आहे. शाळा व्यवस्थापन समितीने वेळेत यादी करून पाठपुरावा केला तर तिचा उपयोग होतो. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. सहीपुरते न जाता बैठकीत बसावे, आपले पोर कुठे बसते, त्याला शेवटचा प्रश्न कधी विचारला, हे विचारावे. हा पालकाचा हक्क आहे, गुरुजींवर आरोप नाही. आणि घरी पोराच्या समोर याला काही येत नाही असे पाहुण्यांना सांगणे बंद केले, तरी अर्धे काम होईल.

नगर जिल्ह्यातली पोरे बारावीनंतर ज्या विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकतात, त्याला २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असे नाव आहे. म्हणजे इथल्या पोराच्या पदवीवर त्यांचे नाव छापलेले असते. त्या पदवीपर्यंत कोण पोचणार, हे मात्र बऱ्याचदा गावातल्या पहिली-दुसरीच्या वर्गातच ठरते. येत्या ३ जानेवारीला फोटोला हार घालून झाला की गुरुजींनी आणि पालकांनी एकदा मागच्या बाकाकडे बघावे. तिथे कोण बसले आहे आणि त्याला शेवटचा प्रश्न कधी विचारला होता, एवढे आठवून पाहावे. आठवले नाही, तर त्याच दिवशी पहिला प्रश्न त्याला विचारावा.